किनारा कुणाचा, मैदान कुणाचं

परदेशात स्थायिक झालेला माणूस त्या देशात कितपत मुरला आहे, हे त्याच्या सुटीच्या दिवसावरून कळतं, असं मला वाटतं. नोकरी सगळेच करतात, घराचे हप्ते सगळेच फेडतात. शनिवारी सकाळी तो आपखुशीने कुठे जातो, हा खरा प्रश्न. सिडनीत त्याची दोन ठळक उत्तरं आहेत: समुद्र आणि मैदान. पुढचा संवाद तिथल्या एका मावशीचा आणि तिच्या भाच्याचा आहे. मावशी सातारा जिल्ह्यातली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन इथे आली. कूजीच्या कड्याखालच्या तलावात ती नेमाने पोहते. भाचा पुण्याचा, इथे नोकरीसाठी आला आणि राहिला. तो उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघायला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर जातो. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत.

मावशी: तू दर सुटीला मैदानावर जातोस, दिवसभर बसतोस, संध्याकाळी घसा बसवून घरी येतोस. यातून तुझं या शहराशी नातं कसं जुळतं, ते मला समजावून सांग.

भाचा: समजावतो. या मैदानात कितीतरी दिग्गज खेळाडूंचे पुतळे आहेत, पण एक पुतळा प्रेक्षकाचाही आहे. याबा त्याचं नाव. ससे विकून पोट भरायचा आणि मोकळ्या वेळात इथल्या टेकडीवर बसून खेळाडूंना खणखणीत आवाजात सुनवायचा. तो गेला १९४२ मध्ये. २००८ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा थेट स्टँडमधल्या खुर्चीवर बसवला. ज्या शहराने बघणाऱ्याचा पुतळा उभारला, तिथे बघणं ही रिकामटेकडी गोष्ट कशी असेल?

मावशी: बघण्याला मी नावं ठेवत नाही. १९९२ च्या जानेवारीत तुझे काका मला याच मैदानावर घेऊन गेले होते. रवी शास्त्रीच्या २०६ धावा झाल्या, अठरा वर्षांचा सचिन १४८ वर नाबाद राहिला. शेन वॉर्नची ती पहिलीच कसोटी, आणि त्याला पहिला बळी मिळाला तो शास्त्रीचाच. मुंबईच्या दोन पोरांनी ऑस्ट्रेलियाला असं दमवलेलं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा मी होते तितकीच परकी होते. मैदानाने मला माझं घर आठवून दिलं, नवं घर नाही दिलं.

भाचा: आणि ते पाण्याने दिलं?

मावशी: पाण्याने दिलं. आमच्या मळ्यात विहीर होती. माझे भाऊ कंबरेला भोपळा बांधून पोहायला शिकले, मग भोपळा सोडून काठावरून मुटके मारायला लागले. मी त्यांचे कपडे सांभाळत बसायची. मुलीने पोहायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर इथल्या नगरपालिकेच्या तलावात मी पहिल्यांदा पाण्यात तोंड बुडवलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. पाण्यात श्वास सोडायचा आणि मान वळवून घ्यायचा, एवढं साधायलाच मला कितीतरी आठवडे लागले. पण ज्या दिवशी अंग आपोआप तरंगलं, त्या दिवशी आयुष्यात प्रथमच मला माझं शरीर ओझं वाटलं नाही.

भाचा: हे मला पटतं. पण हा आनंद तुझा एकटीचा आहे. पाण्यात कुणाशी बोलता येत नाही, ऐकू येत नाही, समोरचं धड दिसत नाही. मैदानात माझ्या शेजारी बसणारा माणूस मला ओळखत नसतो, तरी चौकार गेला की माझ्या पाठीवर थाप मारतो. परक्या देशात अनोळखी माणसाने असं सहज जवळ येणं किती दुर्मीळ आहे, हे तुला माहीत आहे.

मावशी: तू कूजीला कधी आला नाहीस म्हणून असं म्हणतोस. तसा त्या तलावात तुला प्रवेशही नाही. मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स हा फक्त बायकांचा आणि लहान मुलांचा तलाव. १८८६ च्या सुमाराला खडकात बांधलेला. भरतीच्या लाटा कठड्यावरून आत येतात, पाणी समुद्राचंच. भेदभावविरोधी कायद्यातून त्याला १९९५ मध्ये खास सूट मिळाली, म्हणून तो बायकांचाच राहिला. तिथे ऐंशीच्या पुढच्या आज्या असतात, पोटुशी बाई असते, शस्त्रक्रियेचे व्रण घेऊन आलेली असते, डोक्यावरून पायापर्यंत अंग झाकणारा पोशाख घातलेली मुस्लिम मुलगी असते. कुणी कुणाकडे बघत नाही आणि सगळ्या एकमेकींवर लक्ष ठेवतात. मला थोडा दम लागला तरी कुणीतरी जवळ येऊन विचारतं. हे एकटेपण आहे का?

भाचा: नाही. पण तिथे तुला फक्त बायका भेटतात, जशी मला तुझ्या मते फक्त निळ्या जर्सीतली माणसं भेटतात.

मावशी: फरक आहे. तुमच्यातला प्रत्येक जण पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून आलेला. तिथे बसून तुम्ही मायदेशाची एक संध्याकाळ उभी करता. ती जरूर करावी, पण तिला या शहराशी नातं म्हणू नये. आणि आमचा तलाव नुसता निवांत आंघोळीचा नाही. फॅनी ड्युरॅक आणि मीना वायली तिथे सराव करायच्या. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना प्रथमच पोहण्याच्या शर्यतीत उतरता आलं. तोवर इथल्या बायकांच्या जलतरण संघटनेचा नियम असा, की पुरुष बघत असतील तिथे बाईने शर्यतीत पोहायचं नाही. लोकांनी आवाज उठवला, वर्गणी काढली, मग दोघी गेल्या. शंभर मीटरमध्ये फॅनी पहिली, मीना दुसरी. हा इतिहास कळला तेव्हा मला माझी विहीर आठवली. कपडे सांभाळत बसलेली मी एकटी नव्हते.

भाचा: मावशी, तूच आता माझी बाजू मांडलीस. त्या दोघींना पाठवायला वर्गणी कुणी दिली? ज्यांना त्यांना जिंकताना बघायचं होतं त्यांनी. बघणाऱ्यांनी हट्ट धरला नसता तर पोहणाऱ्या घरीच राहिल्या असत्या.

मावशी: हे मान्य.

भाचा: मग निळ्या जर्सीचं सांगतो. मी आलो तेव्हा मलाही क्रिकेटपलीकडे काही माहीत नव्हतं. हिवाळ्यात क्रिकेट संपलं, मैदान मात्र भरलेलं दिसायचं. शेजारच्या आजोबांनी एका शनिवारी सिडनी स्वान्सच्या सामन्याला नेलं. लंबगोल चेंडू, अठरा-अठरा खेळाडू, चार गोलखांब, गोलला सहा गुण आणि थोडक्यात हुकला तरी एक गुण. मला काही उमगेना. आजोबांनी चारही क्वार्टर समजावून सांगितलं. हा संघ मुळात मेलबर्नचा, १९८२ मध्ये इथे आला. म्हणजे तोही स्थलांतरितच! आजोबा म्हणाले, सुरुवातीला सिडनीकरांनी त्याला आपलं मानलंच नाही. त्या संध्याकाळी मला या शहराची गोष्ट कळली आणि आजोबांच्या घराचा दरवाजाही उघडला. आज त्यांच्या औषधांच्या गोळ्या आणून देणारा मी आहे. हे नातं स्टँडमध्ये बसून जुळलं.

मावशी: हे तू मला आधी सांगितलं नव्हतंस. बरं, मग भारत आणि ऑस्ट्रेलियाचा सामना असतो तेव्हा कुणासाठी ओरडतोस? ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या राजकारण्याने १९९० मध्ये हाच मुद्दा काढला होता. बाहेरून आलेली माणसं क्रिकेटमध्ये कुठल्या देशाच्या बाजूने असतात त्यावरून त्यांची निष्ठा ओळखा, असा त्याचा रोख.

भाचा: भारतासाठी ओरडतो, आणि मरेपर्यंत भारतासाठीच ओरडेन. त्यात इथल्या माणसांशी कसलीही गद्दारी नाही. २००४ मध्ये सचिनने इथेच नाबाद २४१ केल्या. कव्हर ड्राइव्हवर सारखा बाद होत होता, म्हणून तो फटकाच त्या डावापुरता वर्ज्य केला. त्याच सामन्यात स्टीव्ह वॉचा निरोप होता. आजोबा त्या कसोटीला होते आणि आजही दोघांबद्दल सारख्याच आदराने बोलतात. प्रेम एका ठिकाणी दिलं म्हणून दुसरीकडे कमी पडत नाही. टेबिट यांना पक्ष दिसला, शेजारी बसलेली माणसं दिसली नाहीत.

मावशी: हे बरोबर बोललास. पण आता मी तुला पाण्याचं एक महत्त्व सांगते, ज्याला तुझ्या मैदानाकडे उत्तर नाही. पाणी जीव घेतं. या देशात दर वर्षी बुडून मरणाऱ्यांत परदेशात जन्मलेल्यांचा वाटा मोठा असतो, आणि त्यात आपली माणसं पुष्कळ. २०२४ च्या जानेवारीत व्हिक्टोरियात फिलिप आयलंडवर, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर, भारतीय वंशाचे चार जण एकाच दिवशी गेले.

भाचा: ती बातमी वाचून आम्ही सगळेच हादरलो होतो.

मावशी: हादरून पुढे काय केलंत? आपला माणूस किनाऱ्यावर येतो आणि उतरायला जागा शोधतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतो. त्याला वाटतं, इथे बरं आहे. नेमका तोच रिप असतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून समुद्रात परततं आणि माणसाला सोबत नेतं. मग तो जिवाच्या आकांताने किनाऱ्याकडे हात मारतो, प्रवाहाच्या उलट. बुडतो तो दमून. करायचं काय, तर घाबरायचं नाही, अंग तरंगतं ठेवायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर जात प्रवाहाबाहेर पडायचं. आणि मुळात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. गणपतीपुळ्याच्या समुद्राची धास्ती घेऊन वाढलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. पण कुणी सांगायला हवं ना?

भाचा: ते झेंडे लावणारे सरकारी नोकर असतात, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

मावशी: काही पगारी असतात, पण शनिवार-रविवारी दिसतात ते बहुतेक स्वयंसेवक. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १९०७ मध्ये जीवरक्षकांचा क्लब निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा. १९३८ च्या फेब्रुवारीत बाँडायवर एकामागून एक प्रचंड लाटा आल्या आणि शेकडो माणसं आत ओढली गेली. पाच जण दगावले. बाकीच्यांना या स्वयंसेवकांनी बाहेर काढलं. सुटीचा दिवस अनोळखी माणसांच्या जिवासाठी देणारे लोक ज्या देशात आहेत, त्या देशाबद्दल मला प्रेम वाटतं. हे प्रेम स्टँडमध्ये बसून मला वाटलं नसतं.

भाचा: पण मावशी, किनारा असा सगळ्यांचा नेहमी नव्हता. २००५ च्या डिसेंबरमध्ये क्रोनुलाच्या किनाऱ्यावर काय झालं? जमावाने अरब दिसणाऱ्या माणसांना शोधून शोधून मारलं. किनारा आमचा, असं म्हणत. तुझ्या-माझ्या रंगाचा माणूस त्या दिवशी तिथे असता तर?

मावशी: मला ते दिवस आठवतात. पुढे कित्येक दिवस मी बसमध्येही भीत भीत बसायची. पण त्यानंतरचंही सांगायला हवं. जीवरक्षकांच्या क्लबांनी मुस्लिम वस्त्यांतली मुलंमुली प्रशिक्षणाला घेतली. सिडनीच्याच आहेदा झनेट्टी या बाईंनी अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला होता. त्याचं लाल-पिवळ्या रंगातलं रूप घालून मुस्लिम मुलगी जीवरक्षक म्हणून किनाऱ्यावर उभी राहिली. ज्या जागेवरून हाकललं, त्याच जागेवर दुसऱ्यांचा जीव वाचवायला उभं राहायचं, याहून चोख उत्तर कुठलं? आणि तुझ्या मैदानाचं काय? २०२१ च्या जानेवारीत याच ग्राउंडवर भारताच्या सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या.

भाचा: आल्या. रहाणे त्याला घेऊन पंचांकडे गेला, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगाने तासन् तास खेळले आणि सामना अनिर्णित राखला. आणि हे फक्त आपल्याबाबत झालेलं नाही. स्वान्सचा ॲडम गुड्स हा इथल्या मूळ रहिवाशांपैकी, दोनदा ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. २०१३ मध्ये प्रेक्षकांतून त्याला माकड म्हटलं गेलं. त्याने तिथल्या तिथे बोट दाखवलं. मग देशभर त्याची हुर्यो सुरू झाली आणि २०१५ मध्ये त्याने खेळ सोडला. चार वर्षांनी लीगने आणि सगळ्या क्लबांनी त्याची जाहीर माफी मागितली.

मावशी: मग अशा स्टँडमध्ये तुला आपलेपणा कसा वाटतो?

भाचा: कारण तेच स्टँड उत्तरही देतं. हुर्योला कंटाळून गुड्सने २०१५ मध्ये एका सामन्यातून रजा घेतली. त्याच्या जर्सीचा आकडा ३७. त्या दिवशी याच मैदानावर तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला प्रेक्षक उभे राहिले आणि मैदानात नसलेल्या माणसासाठी टाळ्या वाजवत राहिले. आजोबा त्यांच्यात होते. बघणारा माणूस मुका नसतो. त्याने काय सहन करायचं आणि कशाला उभं राहून दाद द्यायची, हे रोज ठरवायचं असतं.

मावशी: तू म्हणतोस तसं बघणं मला आवडेल. आता तलावांचंही सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये मोरी नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेच्या तलावात मूळ रहिवाशांच्या मुलांना बंदी होती, रीतसर ठराव करून. १९६५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स हा सिडनी विद्यापीठातला ॲबोरिजिनल विद्यार्थी बसभर विद्यार्थी घेऊन तिथे गेला. त्या मुलांना घेऊन तलावाच्या फाटकावर उभा राहिला. गावकरी खवळले, अंडी आणि टोमॅटो फेकले. पण बंदी उठली. हे ऐकून मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं ते तहान भागवायला नाही, माणूस म्हणून हक्क सांगायला. म्हणून मला पोहणं हा नुसता व्यायाम वाटत नाही.

भाचा: आणि मैदानाचंही आपल्याकडे तसंच घडलंय. पाळवणकर बाळू हा चर्मकार घरातला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात त्याची गोलंदाजी सगळ्यांना हवी, पण चहा मात्र वेगळ्या भांड्यात. तोच १९११ मध्ये इंग्लंड गाजवून आला. पुढे त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, तो खेळाच्या जोरावर आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्या लोकांमुळे. पण मावशी, पर्किन्सची अर्धी गोष्ट तू सांगितलीस. तो विद्यापीठात पोचला कसा, माहीत आहे?

मावशी: नाही.

भाचा: तो फुटबॉल खेळायचा, आपला नेहमीचा गोल चेंडूचा. ॲडलेडमध्ये क्रोएशियन लोकांच्या क्लबकडून आणि सिडनीत पॅन-हेलेनिक या ग्रीक लोकांच्या क्लबकडून. ज्या देशात त्याच्या लोकांना तलावात उतरू देत नव्हते, तिथे नुकत्याच बोटीने आलेल्या, मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या स्थलांतरितांनी त्याला आपल्या संघात घेतलं, कर्णधार केलं आणि कडेला उभं राहून त्याच्या नावाने आरोळ्या दिल्या. खेळाच्या पैशावर तो शिकला. म्हणजे मोरीच्या तलावाचं फाटक उघडलं, त्यात त्या प्रेक्षकांचाही हात होता. बाहेरून आलेल्या माणसांचा.

मावशी: हे मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि हे कळल्यावर तुझ्या बाजूला वजन आलं, हे मी मान्य करते. म्हणजे परक्या देशात आलेला माणूस नुसता पाहुणा नसतो. तो कुणाच्या बाजूने उभा राहतो यावर त्या देशाचंही भलंबुरं ठरतं.

भाचा: मला एवढंच म्हणायचं होतं. आपण इथे जो आनंद घेतो, तो आपल्या आधी कुणीतरी झगडून मिळवलेला आहे. फॅनीने, पर्किन्सने, गुड्सने. तू तलावात उतरतेस आणि मी तिकीट काढतो, तेव्हा दोघंही त्यांचे ऋणी असतो.

मावशी: ऋण मान्य केलं की ते फेडायचं कसं, हेही ठरवावं लागतं. मी यंदा इथल्या मराठी मंडळाच्या बायकांसाठी पोहण्याचा वर्ग काढते आहे. ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांनी आधी यायचं. साडीत, सलवार-कमीजमध्ये किनाऱ्यावर सामान सांभाळत बसलेल्या आयांना मला पाण्यात आणायचं आहे.

भाचा: आणि मी माझ्यासोबत मैदानावर येणाऱ्या पोरांना सांगतो, की शेजारी कुणी रंगावरून, जातीवरून, देशावरून बोलला तर जागा बदलायची नाही. स्टेडियममध्ये तक्रारीचा क्रमांक पडद्यावर दाखवतात, तो वापरायचा. आपल्यातला कुणी बोलला तरीसुद्धा. आणि क्रिकेट संपल्यावर हिवाळ्यातही यायचं, शेजाऱ्याला सोबत घेऊन.

मावशी: तरी पुढच्या महिन्यात विमानातून उतरणाऱ्या एखाद्या नव्या कुटुंबाने मला विचारलं, की आधी काय करू, तर मी म्हणेन, मुलांचं आणि आईबापांचंही नाव पोहण्याच्या वर्गात घाला. मॅच नंतर बघा.

भाचा: मी म्हणेन, आधी मैदानावर चला, चार माणसं ओळखीची होतील, तीच तुम्हाला तलाव दाखवतील.

मावशी: आणि तलाव दिसेपर्यंत ते कुटुंब झेंड्यांबाहेरच्या किनाऱ्यावर गेलं तर?

भाचा: तर माझ्याकडे उत्तर नाही. क्रमाबाबत तुझं ऐकतो, आधी पाणी. पण वर्ग झाल्यावर त्यांना माझ्याकडे पाठवायचं, हे तू कबूल कर.

मावशी: कबूल. पण पोहायला शिकून पाठवीन, आणि त्यांच्यासोबत मीही येईन. गुड्ससाठी उभे राहिलेले ते आजोबा मला भेटायचे आहेत.